दाबलं की मावतं

राऊटरला प्रश्न विचारायची सोय असते. कमांड अर्धी लिहायची, पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, की तो उरलेल्या पर्यायांची यादी दाखवतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिस्कोच्या राऊटरवर ‘कॉम्प्रेस’ लिहून प्रश्नचिन्ह दाबलं की नावं यायची: एमपीपीसी, प्रेडिक्टर, स्टॅक. त्यातलं घ्यावं कोणतं, याबाबत राऊटर मौन पाळायचा. ते सांगायला ऑफिसात माणसं होती, आणि त्यांना मौनाची सवय नव्हती.

मुंबईत हेड ऑफिस, नाशिकच्या एमआयडीसीत कारखाना आणि मधे ६४ केबीपीएसची लीज लाईन. त्या काळच्या अशा कुठल्याही कंपनीचं ईडीपी डिपार्टमेंट डोळ्यांसमोर आणावं. एसी फक्त सर्व्हर रूमला, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत अकाउंट्सच्या लोकांना संगणकशास्त्रात अचानक रस उत्पन्न व्हायचा. तिथे एक नेटवर्कवाला असायचा. व्हिजिटिंग कार्डावर त्याचं पद दोन ओळींचं. प्रत्यक्षात काम एकच, फोन उचलून ‘बघतो’ म्हणणं.

“लिंक स्लो आहे.”

“बघतो.”

“कालही बघतोच म्हणालात.”

“कालची स्लो वेगळी होती.”

त्याची बाजू घ्यायची तर थोडं गणित करावं लागेल. ६४ केबीपीएसच्या लाईनवर १५०० बाइटांचं एक पॅकेट नुसतं चढायलाच १८७.५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला पाच पॅकेटं आणि सहाव्याचा पाय फूटबोर्डावर. एक एमबीची फाईल पाठवायला सव्वादोन मिनिटांच्या आसपास, तेही लाईन मोकळी असली तर. लाईन मोकळी फक्त १५ ऑगस्टला असायची.

सरळ उपाय होता १२८ची लाईन घेण्याचा. त्याला जादा भाडं लागणार होतं. मग नेटवर्कवाल्यानं मिटिंगमध्ये सांगितलं, की राऊटरमध्येच डेटा दाबून पाठवायची सोय आहे, एक ओळ टाइप केली की झालं, पैसे पडत नाहीत. या शेवटच्या तीन शब्दांवर झोपलेले दोन जनरल मॅनेजर जागे झाले.

“किती दाबला जातो?”

“साधारण निम्मा. म्हणजे, डेटा कसला आहे त्यावर अवलंबून आहे.”

“अवलंबून वगैरे नको. आकडा सांगा.”

“दोनास एक धरा.”

“आमच्या घरच्या मॉडेमच्या खोक्यावर चारास एक लिहिलंय,” असं एकानं ऐकवलं, आणि नेटवर्कवाल्याच्या योग्यतेविषयी सगळ्यांच्या मनात पाल चुकचुकली.

खोक्यावर तसं लिहिलेलं असायचं, हे खरं. २८.८ केबीपीएसच्या मॉडेमवर मोठ्या अक्षरांत १,१५,२०० हा आकडा छापलेला असे. व्ही.४२बिस नावाच्या पद्धतीनं डेटा एकचतुर्थांश होऊ शकतो असं धरून २८.८ला चारनं गुणलं, की तो आकडा येतो. ही बिल्डरच्या सुपर बिल्ट-अप एरियाची जात. कागदावर सगळं बसतं. कपाट आत न्यायची वेळ आली की कळतं, कार्पेट एरिया वेगळा होता.

निवड करायला आता कमिटी बसली. तिच्यासमोर खरा प्रश्न अगदी छोटा होता: राऊटरकडे फावला वेळ जास्त आहे, की फावली मेमरी? स्टॅक ही पद्धत निघाली अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या हैफाच्या टेक्नियनमधल्या दोन प्राध्यापकांच्या १९७७च्या कामातून. पाठवलेला मजकूर ती लक्षात ठेवते. तेच पुन्हा आलं की पुन्हा न लिहिता, ‘इतके बाइट मागे जा आणि तिथून इतके उचल’ एवढंच कळवते. मागे बघायची तिची मर्यादा २०४८ बाइटांची. मेमरी कमी लागते, पण शोधाशोध अखंड चालू, त्यामुळे प्रोसेसरचा घाम निघतो. आणि शाखांमध्ये सर्रास दिसणाऱ्या सिस्को २५०० मालिकेतल्या राऊटरच्या पोटात होता मोटोरोलाचा ६८०३० प्रोसेसर, वेग २० मेगाहर्ट्झ.

प्रेडिक्टर शोधाशोध करतच नाही. तो आधीच्या काही बाइटांवरून पुढचा बाइट कोणता येणार, याचा अंदाज बांधतो. त्यासाठी ६५,५३६ घरांचं कोष्टक जवळ ठेवतो. अंदाज बरोबर आला तर बाइटाऐवजी फक्त एक बिट जातो. चुकला तर तो एक बिट आणि शिवाय अख्खा बाइट. सगळेच अंदाज चुकले, तर आठ बाइटांचे नऊ होतात. प्रोसेसरला आराम, मेमरीला ओझं.

कमिटीनं यातलं काही विचारलं नाही. फायनान्सचे साहेब म्हणाले, “प्रेडिक्टर नको. कंपनी अंदाजावर चालत नाही.” त्यांच्या पुढ्यातल्या फाईलमध्ये पुढच्या पाच वर्षांच्या विक्रीचे आकडे पैशांपर्यंत काढून ठेवलेले होते. पर्चेसचे साहेब एमपीपीसीच्या बाजूनं होते, कारण ते मायक्रोसॉफ्टचं, आणि मायक्रोसॉफ्टचं म्हणजे चांगलंच असणार.

आता इथे थोडं विषयांतर करायला हवं, कारण ‘स्टॅक’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट’ ही नावं एका वाक्यात आली की वकिलांना आनंद होत असे. स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स ही कॅलिफोर्नियातली छोटी कंपनी. हार्ड डिस्कमध्ये दुप्पट माल कोंबणारा ‘स्टॅकर’ हा प्रोग्रॅम तिचा. मायक्रोसॉफ्टनं एमएस-डॉस ६.० बाजारात आणलं तेव्हा त्यात ‘डबलस्पेस’ नावाची अशीच सोय आयती होती. स्टॅकनं पेटंटचा दावा ठोकला. फेब्रुवारी १९९४मध्ये लॉस एंजलिसच्या ज्यूरीनं स्टॅकला १२ कोटी डॉलर भरपाई द्यायला लावली. त्याच ज्यूरीनं उलट दाव्यात, स्टॅकनं मायक्रोसॉफ्टचं व्यापारी गुपित वापरलं म्हणून, १ कोटी ३६ लाख डॉलर मायक्रोसॉफ्टलाही देवविले. मग डॉसची ६.२१ ही आवृत्ती आली, तिच्यात दाबायची सोयच नव्हती. त्यानंतर ६.२२, तिच्यात ती ‘ड्राइव्हस्पेस’ या नव्या नावानं परतली. जूनमध्ये तडजोड झाली: ४ कोटी ३० लाख डॉलर रॉयल्टी आणि स्टॅकमध्येच ३ कोटी ९९ लाखांची गुंतवणूक. डिस्कवर जागा वाचवायच्या या उद्योगात कोर्टाच्या कागदांनी किती कपाटं अडवली असतील, हे सांगवत नाही.

तज्ज्ञांची कमिटी तरी एकमतानं निर्णय घेत असेल, असं वाटण्याचा संभव आहे. दोन राऊटरनी पीपीपी नावाच्या रीतीनं जोडलेल्या लिंकवर कोणती पद्धत वापरायची हे आपसांत ठरवावं, यासाठीचा नियम १९९६च्या जूनमध्ये आरएफसी १९६२ या क्रमांकानं इंटरनेटच्या नियमपत्रकांत प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये १९७४ ते १९७९ अशा लागोपाठच्या सहा क्रमांकांनी सहा वेगवेगळ्या पद्धती छापून आल्या. स्टॅक होती, प्रेडिक्टर होती, डिफ्लेट होती, बीएसडी होती, आणखी दोन होत्या. कुणालाही नाही म्हणायचं नाही, हे धोरण फक्त आपल्याकडच्या सत्कार समित्यांचं आहे, हा गैरसमज इथे दूर होतो. दोन राऊटरचं एकमत झालं नाही तर काय, याचं उत्तर मात्र तज्ज्ञांनी शहाणपणानं दिलेलं आहे: न दाबता पाठवा.

आपल्या कमिटीनं चाचणी घ्यायचं ठरवलं. नेटवर्कवाल्यानं राऊटरवरून नाशिकला पिंग मारलं. आकडे असे काही आले की साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. चारास एक काय, त्याहूनही सरस! गोम अशी, की सिस्कोचा राऊटर पिंगच्या पोटात काय भरतो, तर एबीसीडी, एबीसीडी, एबीसीडी. सोळा बिटांचा तोच नमुना शेवटपर्यंत. असला डेटा कुठलीही पद्धत डोळे मिटून दाबते. “विंडोजवरून करून बघा,” असं कुणीतरी जाणतेपणानं सुचवलं. विंडोजचं पिंग इंग्रजी मुळाक्षरं पाठवतं: एपासून डब्ल्यूपर्यंत, आणि तिथून पुन्हा ए. एक्स, वाय, झेड यांना आजवर त्या पिंगमध्ये जागा मिळालेली नाही. अर्थात निकाल पुन्हा उत्कृष्ट. एकमतानं स्टॅक मंजूर झाली. मिनिट्समध्ये ‘सखोल चाचणीअंती’ असे शब्द पडले.

लाईनवर रोज जातं काय, हे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

शनिवारी दुपारी प्रत्यक्ष कार्यवाही झाली. या लाईनवर पीपीपीची ती आपसातली बोलणी नव्हती, आणि अशा वेळी दाबणं दोन्ही टोकांना हातानं लावावं लागतं. एकाच बाजूनं दाबून पाठवलं आणि पलीकडच्याला उलगडता येत नसलं, तर तिथे कचरा पोचतो. लांबचं टोक आधी करावं आणि हाताशी असलेलं नंतर, हा या धंद्यातला पहिला धडा. नेटवर्कवाल्यानं उत्साहाच्या भरात हाताशी असलेलं आधी केलं. नाशिक गप्प झालं.

वास्तविक त्याच कमांडच्या आधी ‘नो’ लिहिलं असतं तर सगळं पूर्ववत झालं असतं. सिस्कोची भाषा तशी सरळ आहे, केलेलं काहीही ‘नो’नं मोडता येतं. पण वीस जणांच्या कमिटीनं मंजूर केलेल्या गोष्टीला ‘नो’ म्हणायची छाती मराठी नोकरदाराला होत नाही. त्यानं नाशिकला फोन लावला. शनिवार असल्यामुळे तो वॉचमननं उचलला.

“राऊटर बंद करून चालू करा. मागे बटण आहे.”

“कुठला म्हणता साहेब?”

“हिरवे दिवे लागलेत बघा तो डबा.”

“इथं समद्यालाच हिरवे दिवे हायेत.”

“बरं, काळ्या रंगाचं काय आहे?”

वॉचमननं काळ्या रंगाचं जे होतं ते बंद केलं. तो यूपीएस होता.

रविवारी नेटवर्कवाला एसटीनं नाशिकला गेला. या वेळी त्यानं पुरेपूर काळजी घेतली. ‘रीलोड इन १०’ अशी एक कमांड असते. काही बिनसून आपण बाहेर फेकले गेलो, तर दहा मिनिटांनी राऊटर आपोआप पुन्हा सुरू होतो आणि आधी साठवलेल्या जुन्या व्यवस्थेवर परत येतो. ती लावली. मग स्टॅक लावली, मुंबईला फोन करून तिथल्या शिकाऊ मुलाकडून तिकडची शनिवारची शाबूत असल्याची खात्री करून घेतली. लिंक आली! डेटा धावला! चहा मागवला गेला, मुंबईला साहेबांना घरी फोन करून अभिनंदन स्वीकारलं गेलं. या धामधुमीत दोन गोष्टी राहिल्या: नवी व्यवस्था साठवणं आणि ‘रीलोड’ रद्द करणं. दुसऱ्या चहाला राऊटरनं आज्ञाधारकपणे डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्याला स्टॅक हे नाव ओळखीचं नव्हतं.

सोमवारी एकदाचं सगळं जागेवर बसलं आणि तक्रारी नव्या उमेदीनं सुरू झाल्या. ‘शो प्रोसेसेस सीपीयू’ ही कमांड दिल्यावर कळलं, की २० मेगाहर्ट्झचा तो बिचारा प्रोसेसर जवळजवळ पूर्ण वेळ शोधाशोधच करतोय. भार फार वाढला तर हे बंद करा, असा इशारा सिस्कोच्या माहितीपुस्तकात स्पष्ट होता. पण तो कमांडच्या खाली होता, आणि कमांड सापडल्यावर खाली कोण वाचतो?

अखेर एका शिकाऊ मुलीनं, नवीन असल्यामुळे तिला हा प्रश्न विचारायची लाज वाटली नाही, लाईनवर नेमकं जातंय काय, ते पाहिलं. सकाळी साडेदहापासून कुणाच्या तरी मुंजीचे फोटो नाशिकला चालले होते. जेपेग. जेपेग ही आधीच दाबलेली चीज; तिच्यात दाबायला आता काही उरलेलं नसतं. त्याखालोखाल होत्या झिप फाईली, कारण ‘मोठ्या फाईली झिप करूनच पाठवाव्यात’ असं परिपत्रक ईडीपीनंच काढलेलं होतं. म्हणजे डेटा कारकून दाबत होता आणि दाबलेला डेटा राऊटर पुन्हा दाबू बघत होता. त्यातून एक बाइट वाचत नव्हता, प्रोसेसर तेवढा तापत होता. आणि या मिरवणुकीच्या मागे, गोडाऊनमधल्या कारकुनानं टेलनेटवर दाबलेला एकेक आकडा तिष्ठत उभा होता.

दोनदा दाबलं की दुप्पट दाबलं जाईल, ही श्रद्धा एकट्या ईडीपीची नव्हे. १९९२ साली अमेरिकेतल्या एका कंपनीनं असा प्रोग्रॅम जाहीर केला, की जवळपास कुठलीही मोठी फाईल एकसोळांश होईल, आणि तीच पुनःपुन्हा दाबत गेल्यास कितीही डेटा १०२४ बाइटांच्या आत मावेल. गणित पुढे चालवायला हरकत नाही. एक एमबीला सोळानं पाच वेळा भागलं की एक बाइट उरतो. एका बाइटाची रूपं २५६. म्हणजे जगातल्या एक एमबीच्या सगळ्या फाईली मिळून प्रकार २५६च. त्यात ज्ञानेश्वरी, गुलबकावली आणि कंपनीचा ताळेबंद यांनी आपापली जागा बघून घ्यायची. त्या प्रोग्रॅमचं पुढे काही झालं नाही, हे सांगायला नको.

त्या कारकुनाच्या आकड्याची कथा जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. टेलनेटवर एक अक्षर दाबलं की त्या एका बाइटाला टीसीपी आणि आयपी मिळून ४० बाइटांचं हेडर लागतं. एक्केचाळीस बाइट जातात आणि अक्षर पडद्यावर दिसावं म्हणून तितकेच परत येतात. २४०० बीपीएसच्या मॉडेमवर एवढ्याला एका बाजूनं १३० मिलिसेकंदांहून जास्त लागायचे. बर्कलेच्या प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी पाहिलं, की एकाच संभाषणातल्या पॅकेटांची हेडरं बहुतांशी तीच ती असतात. मग बदललं तेवढंच कळवा! फेब्रुवारी १९९०च्या आरएफसी ११४४मध्ये त्यांनी ४० बाइटांचे तीन ते पाच करून दाखवले. आवाजाच्या बाबतीत तर ही उधळपट्टी डोळ्यांत भरते. जी.७२९ पद्धतीनं बोलणं ८ केबीपीएसमध्ये बसतं, पण २० बाइट आवाजाच्या प्रत्येक पॅकेटावर ४० बाइट हेडर बसतं आणि सेकंदाला अशी पन्नास पॅकेटं जातात. आठाचे चोवीस होतात. १९९९च्या आरएफसी २५०८नं ते हेडर दोन ते चार बाइटांवर आणलं, आणि हिशेब दहाच्या आत आला. इथे मजकुराला कुणी हातही लावलेला नाही. सलामीचे नमस्कार तेवढे कमी केले.

राऊटरमधलं हे दाबणं पुढे कुणी बंद केलं नाही, ते आपोआप निरुपयोगी झालं. लाईनी वेगवान झाल्या: एक गिगाबिटच्या लिंकवर तेच १५०० बाइट १२ मायक्रोसेकंदांत चढतात, एवढ्या वेळात दाबायला बसणार कोण? २००७मध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फाईलींची नवी घडण आली. एक्सेलची फाईल हीच मुळात एक झिप झाली. आणि सगळा डेटा कूटबद्ध होऊन जाऊ लागला. चांगल्या रीतीनं कूटबद्ध केलेल्या डेटात काहीच पुन्हा येत नाही, त्यामुळे दाबायचं ते आधी दाबावं लागतं. पण त्यातही २०१२ साली ज्युलियानो रिझो आणि थाय दुआँग यांनी ‘क्राइम’ नावाचा हल्ला करून दाखवला. गुप्त मजकुराशेजारी हल्लेखोर आपला अंदाज घुसवतो. अंदाज जुळला की दाबलेला संदेश किंचित आखूड होतो. आतलं काहीही न वाचता, नुसत्या लांबीवरून गुपित फुटतं. वेबवरचा डेटा कूटबद्ध करणाऱ्या टीएलएसच्या २०१८च्या १.३ या आवृत्तीतून दाबायची सोय काढूनच टाकली.

कमिट्यांना त्यामुळे काम उरलं नाही असं समजू नये. दाबणं आता वेब सर्व्हरवर गेलं आहे आणि तिथे जीझिप, ब्रॉटली, झेडस्टँडर्ड असे नवे उमेदवार उभे आहेत. ब्रॉटली हे नाव स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या पावाचं. तिच्या पोटात तेरा हजारांहून जास्त शब्द आणि तुकडे आधीच भरून ठेवलेले असतात, त्यांत हिंदीचेही आहेत. मराठीची सोय निराळ्या वाटेनं होते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, ‘मराठी’ या शब्दाला पंधरा लागतात. पण त्या तिनांतला पहिला बाइट कायम तोच आणि दुसऱ्याची रूपं दोनच. त्यामुळे आपला मजकूर पसरतो मोठा आणि दाबताना आवळलाही झकास जातो.

प्रत्येक पद्धतीला वर लेव्हल असतात. जीझिपला नऊपर्यंत, ब्रॉटलीला अकरापर्यंत, झेडस्टँडर्डला बावीसपर्यंत. अकरावी लेव्हल एकदाच दाबून ठेवायच्या फाईलींसाठी ठीक. दर मागणीला नव्यानं तयार होणाऱ्या पानावर ती लावली, तर वाचलेले बाइट पोचायच्या आधी वाचकच निघून जातो.

“सर, लेव्हल चार ठेवू का पाच?”

“जास्तीत जास्त किती आहे?”

“अकरा. पण सर, ती खूप हळू—”

“मग चार कशाला? आणि ते दुसरं बावीसवालं आहे ना, त्याचं कोटेशन मागवा.”

“सर, ते फुकट असतं.”

“फुकट? मग दोन्ही लावा.”